वाडीतली नावांची भिंत

बाबा,

तुमचं सगळं यथासांग झालं. पाहुणे आपापल्या घरी गेले, मांडववाल्याने खुर्च्या उचलून नेल्या, आणि त्यानंतरच्या सकाळी मी संग्रहालयाचं दार उघडलं. उघडायचं असं काही ठरवलं नव्हतं. घरात काय करावं ते सुचेना, म्हणून चावी घेऊन वाडीत गेले. झाडू मारला. कपाटांच्या काचा पुसल्या. तुमच्या टेबलावर तुमचा चष्मा होता, तो उचलला, टेबल पुसलं आणि चष्मा परत तिथेच ठेवला.

लोक विचारतात, "स्मिता, कशी आहेस?" मी म्हणते, बरी आहे. ते खोटंही नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं सगळं अंग झालंय. बोट लावलं की कळतं, काहीतरी आहे. पण ते माझं आहे असं वाटत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी कंपनीचा डबा करत होते. तुम्ही नेहमीसारखे भिंतीजवळ जाऊन, झेंडा चढवून, नावं वाचून आलात आणि ओटीवरच्या खुर्चीत बूट काढायला बसलात. एका बुटाची नाडी सोडलीत. दुसऱ्याची राहिली. मी हाक मारली, ओ आली नाही, म्हणून बाहेर आले. ईरा धावत शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आली. ते तुमचं मनगट धरून बसले, तोवर मी खाली बसून तुमची दुसरी नाडी सोडली. डॉक्टर काही म्हणाले. मी आत जाऊन गॅस बंद केला. तव्यावरची पोळी जळलीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून वाट पाहतेय, रडू येईल म्हणून. प्रशांत गेला तेव्हा आलं होतं, थांबवता येत नव्हतं इतकं. तेव्हा तुम्ही रडला नव्हता. बहुतेक आता माझी पाळी आहे न रडण्याची.

प्रशांतबद्दल आपण फार कमी बोललो, बाबा. एका घरात इतकी वर्षं राहून, मी त्याची बायको आणि तुम्ही त्याचे वडील असून. तो तुमच्यासारखाच फौजेत गेला. तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत होता, पायात छऱ्याचे तुकडे घेऊन परत आलात, पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालात. तो कुठल्याच लढाईत नव्हता. डोंगरातल्या रस्त्यावर रेशन घेऊन जाणारा त्याचा ट्रक दरीत गेला. ईरा तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती. फोन तुम्ही घेतलात. "हां साहब, हां साहब," एवढंच म्हणालात आणि रिसीव्हर ठेवून बराच वेळ त्याच्यावर हात दाबून उभे राहिलात, जणू तो पुन्हा वाजू नये.

माझ्या माहेरचे एव्हरशाईन सिटीतून मला न्यायला आले होते. आईने माझी बॅग भरायलाही घेतली होती. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणजे गासच्या त्या घरात तुम्ही, मी आणि तान्ही ईरा. नातेवाइकांनी कुजबूज सुरू केली होती. तुम्ही माझ्या वडिलांसमोर बसलात आणि म्हणालात, "तिला यायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन. तिला राहायचं असेल तर हे घर तिचं आहे. पण तिला विचारा. आपण दोघांनी ठरवायचं नाही." मला कोणी विचारायची ती पहिलीच वेळ होती. मी राहिले. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले. आता मानते, पण हे असं मानणं म्हणजे बंद दुकानाच्या शटरशी बोलणं.

सातिवलीतल्या औषधांच्या कंपनीत मला पॅकिंग तपासायची नोकरी लागली तेव्हा तुम्हीच मला स्कूटर शिकवलीत. सोपाऱ्याच्या रस्त्यावर मागे बसून तुम्ही "लेफ्ट! लेफ्ट म्हणजे लेफ्ट!" असं ओरडायचात आणि फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसायच्या. माझा कंपनीचा पांढरा कोट तुम्ही इस्त्री करायचात. माझी इस्त्री तुम्हाला कधी पटली नाही. परवा मी तो कोट तसाच चुरगळलेला घालून गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रशांत गेल्यानंतर वर्षभरातच तुम्ही केळीचे घड भरायची शेड रिकामी केलीत. तिथे संग्रहालय करायचं म्हणालात. वसईच्या पोरांना शाळेत किल्ला शिकवतात, पोर्तुगीज शिकवतात, मराठे शिकवतात, मग सगळं एकदम थांबतं, जणू त्यानंतर इथून कोणी लढायला गेलंच नाही. हे तुमचं म्हणणं. सायकल काढून तुम्ही गावोगाव फिरलात. लोकांनी माळ्यावरून ट्रंका काढून दिल्या. कोणाची पाण्याची बाटली, कोणाची पदकं, कोणाचा बाजूला गोळी चाटून गेलेला टोप. पलीकडच्या वाडीतल्या मोनिकाबाईंनी त्यांच्या आजोबांची जपमाळ दिली. ते इंग्रजांच्या फौजेतून वाळवंटात लढायला गेले होते, आणि परत आली ती त्यांच्या खिशातली ही माळ तेवढी. तुम्ही ती माळ निळ्या मखमलीवर ठेवलीत आणि बाईंना म्हणालात, "तुमच्या सणाला घेऊन जात जा. देवघरातली वस्तू आहे, मी फक्त राखणदार." त्या अजून नाताळात नेतात आणि आणून ठेवतात.

मग शेडच्या मागे, बावखलाच्या तळ्याच्या काठाला, ते मैदान. चाफ्याची झाडं आधीची होतीच. झेंड्याचा खांब आला, हिरवळ आली, आणि शेवटी ती काळ्या दगडाची भिंत. वर आडवी पट्टी: "रणांगणी पडलेल्या आपल्या मुलांना." खाली नावं आणि गावं. हुद्दा नाही, पदक नाही, रेजिमेंट नाही. "मेल्यावर सगळे एका रांगेत," असं तुम्ही म्हणायचात. ते मला फार आवडायचं. रोज सकाळी तुम्ही ती नावं मोठ्याने वाचायचात. हजेरी घेतल्यासारखी. नाव, गाव, मग थोडं थांबायचं, मग पुढचं. ईरा लहानपणी एकदा तुमच्या मागे उभी राहून प्रत्येक नावाला "हजर!" म्हणाली होती. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात, "म्हणू दे. कोणीतरी म्हणायला हवं."

ती आता कॉलेजात आहे आणि तुमच्याशी रणगाड्यावरून भांडायची, आठवतं ना? तिचं म्हणणं, सैन्याकडे अर्ज करून जुना रणगाडा आणू, मैदानात ठेवू, मुंबईहून लोक येतील. तुम्ही म्हणायचात, "रणगाडा आला की लोक त्याच्यावर चढून फोटो काढतील. भिंतीकडे पाठ करून." ती म्हणायची, "आजोबा, निदान येतील तरी!" तो वाद तसाच राहिला. मला दोघांचंही पटायचं, म्हणून मी भांडी घासायला निघून जायचे.

पण आपला वाद, बाबा. तुमचा आणि माझा. तो ज्या दिवशी सुरू झाला त्याबद्दल लिहिते.

विरारच्या एका शाळेची मुलं आली होती. मी त्यांच्यासाठी सरबत घेऊन आले. तुम्ही भिंतीजवळ उभे होतात आणि एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, यात तुमच्या घरातलं कोणी आहे?"

तुम्ही म्हणालात, "नाही."

मी ट्रे हातात घेऊन तुमच्यापासून दोन हातांवर होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या मुलाला विचारलंत, "हं, तुझा काय प्रश्न?" मी सरबत वाटलं. मुलं गेली. ग्लास धुतले. पुढचे काही दिवस मी तुमच्याशी जेवायला या आणि औषध घ्या एवढंच बोलले. तुम्हाला कारण माहीत होतं. एकदा ताटावरून उठताना तुम्ही म्हणालात, "तिने भिंतीवरचं विचारलं होतं. भिंतीवर नाहीच आहे. मी खोटं बोललो नाही." मी म्हटलं, "खोटं बोललात असं मी म्हटलंच नाही."

मग हिराबाई आल्या. मिठागरावर काम करणाऱ्या, पायाच्या टाचा मिठाने भेगाळलेल्या. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाचा वर्दीतला फोटो. त्यांचा दिनेश फौजेत होता आणि डोक्यात ताप जाऊन लष्करी इस्पितळातच वारला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, गासला भिंत आहे, तिथे नावं लावतात.

तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, फोटो दोन्ही हातांनी घेतलात. मग सांगितलंत की ही भिंत लढाईत पडलेल्यांची आहे. फौजेतसुद्धा दोन नोंदी वेगळ्या असतात, लढाईतलं मरण वेगळं, आजाराचं किंवा अपघाताचं वेगळं. तुम्ही हे किती हळू आवाजात सांगितलंत ते मी ऐकलंय. तुम्ही कठोर नव्हतात. पण नाही म्हणालात.

हिराबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "लढाईत नाय मेला, बरोबर हाय सायेब. पन मग घरी तरी कुठं आला?"

त्यांनी फोटो पिशवीत ठेवला, माझ्याकडे बघून "येते बाय" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना परत जायला दोन रिक्षा बदलाव्या लागणार होत्या. मी त्यांना स्कूटरवरून निदान नाक्यापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, वरची पट्टी बदलू या."

"पट्टी बदलली की भिंत बदलते."

"बदलू दे."

"मग उद्या पेन्शनीत वारलेल्याचा मुलगा येईल. परवा पोलिसातला येईल. कुठे थांबायचं? कुठेतरी रेघ मारावीच लागते, स्मिता. नियम सगळ्यांना सारखा. मी माझ्या पोरालाही तोच लावला."

तुम्ही प्रशांतचा विषय स्वतःहून काढलात तो असा, वर्षानुवर्षांनी, नियमाच्या पुराव्यादाखल. आणि माझ्या तोंडून गेलं, "नियम आधी केलात, बाबा, की प्रशांत आधी गेला?"

तुम्ही कप खाली ठेवलात. उठलात आणि वाडीत गेलात. खिडकीतून दिसत होतं, तुम्ही पाइप धरून चाफ्याच्या एकाच झाडाला पाणी घालत होतात, आळं भरून पाणी वाटेवर वाहायला लागलं तरी.

मला त्या प्रश्नाबद्दल वाईट वाटत नाही. तो विचारायलाच हवा होता. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत ते कितीतरी महिन्यांनी, या पावसाळ्याच्या शेवटी, मी समोर बसून गवार मोडत असताना. पेपर वाचता वाचता, पान न उलटता म्हणालात, "तिथे कोरलं असतं तर मला रोज म्हणावं लागलं असतं. मोठ्याने. बाकीच्यांना म्हणतो आणि त्याला वगळतो, असं कसं करणार? आणि मला म्हणता आलं नसतं."

मी गवारीकडे बघत राहिले. तुम्हीही पेपराकडेच. मी म्हणायला हवं होतं की मग मी म्हणेन, तुम्ही बाजूला उभे राहा. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, बाबा. ते तुमच्या अकराव्या दिवशी सुचलं, भटजी मंत्र सांगत असताना, आणि मग पुढचा एकही मंत्र मला ऐकू आला नाही.

आता जे केलं ते सांगते. तुम्हाला आवडणार नाही.

विश्वस्तांची बैठक झाली. अध्यक्ष देसाई सरांनी आधी तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं केलं. मग म्हणाले, सुभेदारांचं नाव भिंतीवर सगळ्यात वर हवं. मैदानात अर्धपुतळा हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, नको. पुतळ्याचं तुम्ही ठरवा, पण भिंतीवर नाही. ते लढाईत पडले नाहीत, आणि त्यांचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मग मी पट्टी बदलायचं काढलं, आणि दिनेशचं नाव, आणि प्रशांतचं.

देसाई सर चांगले गृहस्थ आहेत. ते अवघडून म्हणाले, "स्मिताताई, राग मानू नका. त्यांच्या नावासाठी तुम्ही त्यांचाच नियम दाखवता आणि लगेच तो मोडायला सांगता. ज्याला त्यांनी हयातभर नाही म्हटलं, तेच, ते गेल्यावर महिन्याच्या आत करायचं. बरं दिसेल का?"

ते बरोबर होते. मी जे होतं ते सांगितलं. "नाही दिसणार. पण त्यांना प्रशांतचं नाव रोज म्हणता येणार नव्हतं, म्हणून ते भिंतीवर नव्हतं. आता म्हणायचं मला आहे. आणि हिराबाईंना नाही म्हणणारा माणूस आता नाही. तुमच्यापैकी कोणाला त्यांना नाही म्हणायचं असेल तर मी त्यांना बोलावते, समोर म्हणा."

कोणाला म्हणायचं नव्हतं. एका सभासदाने विरोध नोंदवा म्हटलं, तो नोंदवला. तुम्ही असतात तर तुम्हीही नोंदवला असता, हे मला माहीत आहे. मी तुमची संमती गृहीत धरलेली नाही. तुमच्याविरुद्धच केलंय.

नालासोपाऱ्याहून दगडावर नाव कोरणारा आला. तो चर्चच्या दफनभूमीतले दगडही करतो. त्याने विचारलं, "मॅडम, नावाच्या आधी शहीद लिहायचं का? सगळे लिहितात." मी म्हटलं, नाव आणि गाव फक्त. तो यंत्र लावून बसला. दगडाची काळी पूड हिरवळीवर उडत होती. मी चाफ्याखाली उभी राहून बघत होते आणि माझ्या मनात काहीच नव्हतं. प्रशांतचा 'प्र' पूर्ण झाला तेव्हा वाटलं, आता येईल. नाही आलं. मी त्याला चहा दिला आणि कंपनीत गेले.

वरची पट्टी आता अशी आहे: "घरी न परतलेल्या आपल्या मुलांना."

काल हिराबाईंना बोलावलं. त्या नवी साडी नेसून, सुनेला घेऊन आल्या. त्यांना वाचता येतं, पण दगडावरची अक्षरं उन्हात चमकत होती, म्हणून त्यांनी भिंतीवर हात ठेवून एकेक नाव चाचपत वाचलं. दिनेशपाशी थांबल्या. पदर ओला करून आणला होता, त्याने ते नाव पुसलं. पोराचं तोंड पुसतात तसं, कानाच्या मागेपर्यंत. मग शेजारचं नाव, गाव वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हा तुझा घरवाला?"

"हो."

त्यांनी तेही पुसलं.

मग त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "आनि सायबांचं नाव नाय कुठं?"

मी म्हटलं, "ते घरी आले होते, मावशी."

हे मी अगदी साधं म्हणून म्हटलं, बाबा. पट्टीवर जे लिहिलंय ते समजावून सांगायला. पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ऐकू आलं. तुम्ही घरी आला होता. एका लढाईतून, लंगडत. मग इतकी वर्षं रोज सकाळी त्या भिंतीपासून घरापर्यंत, बूट वाजवत. त्या सकाळीसुद्धा. ओटीवर पोचला होता.

मी खाली बसले. चाफ्याच्या आळ्यात, साडी चिखलात. हिराबाईंनी मला उठवायचा प्रयत्न केला नाही. त्या शेजारी टेकल्या, सुनेला "पानी आन गो" म्हणाल्या, आणि माझं होईस्तोवर माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.